वाटणीतली चक्री

बोरगव्हाणात आण्णासाहेबांचं घर आणि त्यांच्या चुलतीचं, दगडाबाईंचं, घर यांच्यामध्ये एक बोळ आहे. बोळ तरी केवढा? या घरात लसणाची फोडणी पडली की त्या घरात शिंक यावी एवढा. पण या घरचं माणूस त्या घरात पाऊल टाकायचं ते फक्त कुणी मेलं तरच. भाऊबंद कितीही भांडले तरी सुतक काही सुटत नाही. मातीला सगळे हजर, दहाव्याला हजर, तेराव्याच्या पंगतीत मांडीला मांडी लावून हजर. आणि चौदाव्या दिवशी उजाडलं की पुन्हा ह्यांचं तोंड येरमाळ्याकडं आणि त्यांचं कळंबाकडं.

हे असं का, म्हणून गावात कुणाला विचारलं तर लोक हसून सांगायचे, "पिस्तुलापायी." ऐकणाऱ्याला वाटायचं, एकमेकांवर गोळ्या झाडल्या असतील. छे हो! त्या पिस्तुलातून गोळी सुटलेली गावातल्या एकाही जिवंत माणसानं पाहिलेली नव्हती.

पिस्तूल आण्णासाहेबांच्या पणजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेलं. मूळचं ते टोपीचं. म्हणजे मधल्या चाकाला सहा भोकं; प्रत्येक भोकात पुढून दारू भरायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागच्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. सहा भोकं भरून होईपर्यंत चोर घर धुवून न्यायचा आणि जाताना राम राम करायचा. पुढं पितळी काडतुसं निघाली. तेव्हा हैदराबादच्या कुणा कसबी कारागिरानं पिस्तुलाचं ते चाक, घरात ज्याला चक्री म्हणत, काढून दुसरं बसवलं. आता मागून नुसतं काडतूस सरकवलं की काम झालं. जुनी चक्री त्यानं फडक्यात बांधून पणजोबांच्या हातात दिली. काडतुसं मिळाली नाहीत तर ही घाला आणि पहिल्यासारखी दारू ठासा, असं सांगितलं. माणूस इमानी असावा. पण पुढं सगळा घोटाळा त्याच्या त्या इमानानंच केला.

आण्णासाहेब दहा-अकरा वर्षांचे असतील, तेव्हा त्यांच्या वडिलांची आणि चुलत्याची वाटणी झाली. वाटणी अशी काटेकोर, की पंचांना घाम फुटला. रान अर्धं अर्धं. विहिरीला पाळ्या. बैल थोरल्याला, गाडी धाकट्याला. आता बैलावाचून गाडी कशी हाकायची आणि गाडीवाचून बैल कशाला पोसायचे, हे विचारायला कुणाला सवड? आंब्याचं झाड एकच, तर उगवतीच्या फांद्या एकाच्या आणि मावळतीच्या दुसऱ्याच्या. असं करत करत शेवटी पिस्तूल उरलं. खंडेनवमीला देवघरात पूजेला बसणारं घराण्याचं हत्यार ते, कोण सोडतो? दोघे भाऊ अडून बसले. दिवस मावळला, पंचांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. तेव्हा त्यातल्या एकाला अक्कल सुचली.

"चक्र्या दोन हायत न्हवं? मग झालं की! पिस्तूल थोरल्याला, जादाची चक्री धाकट्याला. दोघांच्याबी घरी हत्यार."

वा रे पंच! सगळ्यांनी माना हलवल्या आणि जेवायला उठले.

धाकट्यानं घरी जाऊन फडकं सोडलं, चक्री हातात घेतली, उलटीपालटी केली आणि त्याचं डोकंच फिरलं. "लोखंडाचा गोळा दिला मला! भोकं पाडलेला गोळा!" म्हणून तो बोळात उभा राहून ओरडला, ते अर्ध्या गावानं ऐकलं. थोरल्याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, अशी आण घेतली. थोरलाही काही कमी नव्हता, त्यानंही घेतली. झालं, तिथून अबोला. दगडाबाई, धाकट्याची बायको, तेव्हा ऐन पंचविशीतली. तिनं दोन दिवस नवऱ्याचा जाळ पाहिला, तिसऱ्या दिवशी ती चक्री चिंचेनं घासली, देवघरात उभी केली आणि तिच्या भोकात उदबत्ती खोवली. भोकं असली म्हणजे कशाच्या तरी कामाची असणारच, असा तिचा हिशेब.

खरं सांगायचं तर आण्णासाहेबांचं त्या वाटणीत जे गेलं ते पंचांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांची काकी गेली होती. आई दिवसभर रानात, त्यामुळं पोराला न्हाऊ घालणं, जेवू घालणं सगळं काकीकडं. ती गरम भाकरी कुस्करून, गूळ आणि तूप घालून मलिदा करायची आणि आण्णाला मांडीवर घेऊन चारायची. वाटणी झाल्यावर चुलत्यानं बोळाकडच्या अंगाला भिंत घातली. चार-सहा दिवस पोरानं कळ काढली आणि मग एका दुपारी भिंतीला तोंड लावून हाक मारली, "काकी, भूक लागलीय." पलीकडून उत्तर आलं नाही. त्यानं आणखी एकदा मारली. तरीही नाही. त्यानंतर आण्णासाहेबांनी पुन्हा कधी हाक मारली नाही. पुढं वडील गेले, चुलते गेले, अबोल्याचे दोन्ही धनी मातीत मिळाले, पण अबोला मागं राहिला. मोडायचा तर मोडायचा कुणी आधी, एवढाच प्रश्न होता.

आता आण्णासाहेबांची सत्तरी जवळ आली. त्यांचा मुलगा अमरसिंह येरमाळ्यात हमरस्त्याला पाइपचं दुकान चालवतो. गेल्या खंडेनवमीला ह्या शहाण्यानं काय करावं? पूजेतलं पिस्तूल उचललं, छातीशी धरलं, गॉगल लावला, मागं दणदणीत गाणं टाकलं आणि रील सोडून दिली. खाली लिहिलं, 'घराण्याचा मान'. हजारो लोकांनी पाहिली. त्यात वर्षभरानं का होईना, पोलिसांनीही पाहिली.

पितृपंधरवड्यात फौजदार दारात आले. तरुण गडी, बोलायला मऊ. "आण्णासाहेब, परवाना आहे का याचा?"

"आजोबांच्या नावचा हुता. निजामाच्या टायमाचा."

"आजोबा आहेत का?"

"साहेब, चेष्टा करताय व्हय?"

"मग परवानाही त्यांच्याबरोबर गेला म्हणायचा. हे जमा करावं लागेल. टोपीचं जुनाट पिस्तूल असतं तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या पोराच्या व्हिडिओत काडतुसाचं दिसतंय. मी एका जाणकारांना बोलावलंय, ते सांगतील तसं करू."

फौजदार गेल्यावर आण्णासाहेबांनी अमरसिंहाची अशी बिनपाण्यानं केली, की तो दिवसभर दुकानातून घरी आला नाही. मग स्वतः देवघरापुढं जाऊन बसले. पिस्तूल नेहमीच्या जागी होतं: ज्वारीनं भरलेल्या तांब्यात दस्ता रोवलेला, नळी वर. त्यांच्या बापानं असंच ठेवलं होतं, आजोबानं असंच. नवरात्र तोंडावर आलेलं. यंदा घट बसतील, खंडेनवमी येईल आणि ह्या तांब्यात नुसती ज्वारी राहील. आपल्या हयातीत हे व्हावं, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. त्यांची बायको कस्तुराबाई म्हणाली, "येवढं काय? एक लोखंड गेलं तर जाऊ द्या." त्यावर त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, की तिनं गुपचूप भाकरी वाढली.

जाणकार आले ते उमरग्याचे गौरीशंकर. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, कपाळाला विभूती, गळ्यात भिंग. ओसरीवर सतरंजी टाकली, फौजदार शेजारी बसले. गौरीशंकरांनी पिस्तूल मांडीवर घेऊन डोळे मिटून आधी नुसतं चाचपलं, मग भिंग लावलं.

"आण्णासाहेब, याच्या काही गोष्टी सांगतात का घरात?"

"सांगत्यात की! पणजोबांनी याच्यावर सहा दरोडेखोर लोळवले. सहा गोळ्या, सहा मुडदे."

गौरीशंकरांनी नळीला डोळा लावला आणि गालात हसले. "आतून नव्या नवरीसारखं आहे हो हे. फार उडालेलं दिसत नाही. दरोडेखोर नुसतं बघून पळाले असतील."

आतून कस्तुराबाई खुदकन हसली. आण्णासाहेबांनी तिकडं दुर्लक्ष केलं.

"हे मूळचं टोपीचं," गौरीशंकर म्हणाले. "मागाहून काडतुसाचं केलंय. काम फार सुरेख आहे, पण आता ते काडतुसाचंच हत्यार."

"म्हणजे जमा," फौजदारांनी सुस्कारा सोडला. "आणि परत कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही."

"थांबा हो साहेब, माझं पुरतं झालं नाही." गौरीशंकरांनी मागच्या बाजूच्या एका लोखंडी चकतीवर नख टेकवलं. "ही चकती आणि ही चक्री, एवढंच नवं आहे. मूळ अंगाला कारागिरानं कानससुद्धा लावलेली नाही. हे दोन्ही काढून जुनी चक्री बसवली, की पिस्तूल जसं जन्माला आलं तसं झालं. मग ती पुराणवस्तू, आणि तसं मी लिहून देतो. पण जुनी चक्री कुठली राहते आता! लोकांनी तेव्हाच भंगारात घातल्या."

घरच्या सगळ्यांच्या माना एकदम बोळाकडं वळल्या.

"काय आहे तिकडं?" फौजदारांनी विचारलं.

कस्तुराबाईच दारातून म्हणाली, "उदबत्तीचं घर."

तिनं सगळा किस्सा सांगितला. फौजदार आधी हसले, मग आण्णासाहेबांचं तोंड पाहून गप्प झाले. म्हणाले, "घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी येतो. तोवर चक्री आणली तर बघू. नाहीतर हे मला न्यावं लागेल."

ते गेल्यावर अमरसिंह पुढं आला. चूक त्याची होती, त्यामुळं आवाज बारीक. "आबा, म्या जातो दगडाआजीकडं. म्या मागतो."

"तू गप बस. तुझ्या मागण्यानं गावभर रील व्हायची." आण्णासाहेब उठले, बसले, परत उठले. "मलाच जावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. सवयीनं खांद्यावर पांढरा टॉवेल टाकला. त्या घरात जायचं तर असाच टाकून जायची सवय. बोळ ओलांडायला कितीसा वेळ लागतो? पण आण्णासाहेब मधे दोनदा थांबले. एकदा चपलेतला खडा काढायला, जो नव्हताच.

दगडाबाईंच्या अंगणात नवरात्राची धुणी चालली होती. वाकळा दोरीवर, पितळी भांडी उन्हात, आणि त्या सगळ्याच्या मधे पोत्यावर बसून ऐंशी ओलांडलेल्या दगडाबाई सुनेला कुठला डाग राहिला ते काठीनं दाखवत होत्या. दारात पांढरा टॉवेल दिसला आणि त्यांच्या हातची काठी खाली पडली.

"कोण रं? आण्णा?" त्या धडपडत उठल्या. "आगं बया! कोण मेलं? कस्तुरा तर बरी हाय न्हवं?"

"कुणी न्हाय मेलं, काकी."

एवढ्यात आतून त्यांचा मुलगा गोरोबा बादली घेऊन बाहेर आला. आण्णासाहेबांना बघून तो जागीच थबकला. "कोण मेलं?"

"आरं, कुणी न्हाय मेलं!" आण्णासाहेब वैतागले. "सगळी धडधाकट हायत!"

"मग तू कशाला आलास?" दगडाबाईंनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात जे होतं ते राग नव्हता. नुसतं नवल होतं. एवढ्या वर्षांत त्या घरचं माणूस असं बिनमरणाचं ह्या अंगणात आलं नव्हतं.

आण्णासाहेबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फौजदार, गौरीशंकर, टोपी, काडतूस. शेवटी म्हणाले, "तर काकी, ती चक्री पायजे हुती."

"चक्री?" दगडाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "इतकी सालं लोखंडाचा गोळा हुता तो. आता चक्री झाली व्हय? तुझ्या चुलत्यानं त्या गोळ्यापायी दोन दिस अन्न शिवलं न्हाय. ह्या घरात येवढ्या वर्सांचा राग उगाळलाय त्याच्यावर."

"व्हय काकी. खरं हाय."

"आन् आता ते देव झालंय. देवघरातलं काढून म्या भाईर देनार न्हाय."

आण्णासाहेबांचा चेहरा पडला. दगडाबाईंनी तो पडू दिला, चांगला पडू दिला, आणि मग म्हणाल्या, "पिस्तूल हिकडं आण. ते काय बसवायचं ते हितं बसवा, माझ्या देवघराम्होरं. खंडेनवमी हितं करा, समद्यांनी यायचं. चक्री न्हाय त्या घराला जायची. पिस्तूल यील चक्रीकडं."

आता ही मात्र आण्णासाहेबांच्या सोसण्यापलीकडची गोष्ट होती. थोरल्या घराचं हत्यार धाकट्या घराच्या दारात? बाप वरून बघत असेल तर काय म्हणेल? "काकी, हे हुनार न्हाय. थोरल्याचा मान—"

"मग बस धरून तुझा मान. फौजदार न्यायला आला की त्याच्याबी हातात दे मान."

आण्णासाहेब तडक माघारी वळले. उंबऱ्याशी पोचले असतील नसतील, मागून हाक आली.

"आण्णा."

ही हाक वेगळी होती. पाय आपोआप थांबले.

"त्या दिशी भिंतीपल्याडनं तू हाक मारलीस. भूक लागलीय म्हनून. दोनदा मारलीस." दगडाबाईंनी पदर सावरला. "म्या आइकली हुती रं. हे म्होरं बसले हुते. मलिदा तयार हुता, तुझ्याच नावानं केल्ता. मग म्या गोठ्यात जाऊन म्हशीला घातला आन् तिच्या मानंला मिठी घालून रडले. मला काय करायचंय ते लोखंड? एकदा तुमी समद्यांनी ह्या घरात यावं म्हनते म्या. कुनी मेल्याबिगर यावं."

एवढा जाणता, गावच्या भांडणात निवाडा करणारा माणूस, पण तो खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे पुसत काकीच्या उंबऱ्यावर खाली बसला. गोरोबा बादली धरून तसाच उभा. सून दुसरीकडं बघायला लागली.

"आणतो," ते म्हणाले. "आजच आणतो."

"आज नको. धुनी चाललीत. फौजदाराला घिऊन ये."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पिस्तूल बोळ ओलांडून निघालं. गाव काय बघायला कमी करतंय? बोळाच्या दोन्ही तोंडाला माणसं उभी. पुढं तबकात पिस्तूल घेऊन आण्णासाहेब, मागं हळदी-कुंकू घेऊन कस्तुराबाई, त्यामागं अमरसिंह, मोबाईल घरी ठेवून. ती अट दगडाबाईंची. "तो फोन आणायचा तर त्याचं तोंड बांधून आणा," असा त्यांचा निरोप होता. सर्वांत मागं फौजदार आणि गौरीशंकर.

दगडाबाईंनी देवघरातून चक्री आणली. काळी कुळकुळीत, तुपानं आणि राखेनं चिकट. गौरीशंकरांनी ती हातात घेतली आणि उजेडाकडं धरली. "हीच. हीच हो. बोंडंसुद्धा शाबूत आहेत." मग भिंग लावून म्हणाले, "पण आजी, भोकं सहा, आणि राख दोनच भोकांत कशी?"

गोरोबाच म्हणाला, "रोज दोनच लावती. येक आपल्या घरची. दुसरी कुनाची म्हनलं की म्हनती, बोळापल्याडची."

आण्णासाहेबांनी मान खाली घातली. कस्तुराबाईनं पुढं होऊन चुलतसासूचे पाय धरले, कुणी काही सांगितलं नसताना.

चक्री साफ करायला गौरीशंकरांना वाकळ शिवायचं दाभण दिलं. त्यांनी भोकांतली राख कोरून काढली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. मग पिस्तुलाची ती चकती सोडवली, काडतुसाची चक्री बाहेर काढली आणि जुनी आत सरकवली. ती अर्ध्यावर जाऊन अडकली. इतक्या वर्षांनी बसेल तरी कशी? आण्णासाहेबांच्या मनात आलं, आता हसं झालं. मान गेला आणि पिस्तूलही गेलं. गौरीशंकरांनी ती काढली, थेंबभर तेल सोडलं, पुन्हा पुसली आणि अंगठ्यानं हळूच दाबली.

कट्.

एवढासा आवाज. पण आण्णासाहेबांना तो छातीत ऐकू आला. गौरीशंकरांनी चक्री फिरवली. ती गरागरा फिरली, जणू काल दुपारीच काढून ठेवली होती.

"झालं. हे आता टोपीचं पिस्तूल, जन्माला आलं तसं. मी लिहून देतो."

फौजदारांनी काडतुसाची चक्री आणि ती चकती पुडीत बांधली. "हे माझ्याबरोबर येणार. वरच्या साहेबांची सही होईपर्यंत बाकीचं इथंच राहू द्या, मी जबाबदारी घेतो. पण अमरसिंह, पुन्हा गॉगल नको." आणि मग साहेबपणा बाजूला ठेवून त्यांनी दगडाबाईंना वाकून नमस्कार केला. फौजदार झाला तरी घरी त्यालाही भाऊबंद असणारच.

यंदाची खंडेनवमी दगडाबाईंच्या घरी झाली. पिस्तूल तांब्यातल्या ज्वारीत उभं. भोवती खुरपी, विळे, गोरोबाच्या ट्रॅक्टरची किल्ली, अमरसिंहाच्या दुकानातली पाइप कापायची करवत. दोन्ही घरच्या बायकांनी पुरणाची पोळी एका चुलीवर केली आणि मीठ कमी कुणी घातलं यावरून दिवसभर चिडवाचिडवी झाली. जेवायला बसल्यावर आण्णासाहेबांच्या ताटात पुरणपोळीआधी एक वाटी आली. त्यात मलिदा होता. त्यांनी वाटी पुसून खाल्ली आणि पुन्हा पुढं केली.

दसऱ्याला त्यांनी काकीच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडले. दगडाबाईंनी तांब्यासकट पिस्तूल त्यांच्यापुढं ठेवलं.

"ने. थोरल्याचं हत्यार थोरल्याच्या घरी."

"आन् चक्री?"

"ती आता त्याच्या पोटात हाय. पोटातलं काढून परत वाटणी करायची व्हय? ने म्हनते तर."

आण्णासाहेबांनी 'नको, राहू द्या' म्हणून पाहिलं. त्यावर अशा काही शिव्या खाल्ल्या, की पिस्तूल घेऊन निमूट बोळ ओलांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णासाहेब ओसरीवर चहा पीत बसले होते. सणाचं जेवण अंगावर आलेलं, वारा गार, मन निवांत. सहज बोळाकडं नजर गेली. डोक्यावरून पदर, हातात काठी, दगडाबाई लगबगीनं त्यांच्याच घराकडं येत होत्या. एकट्या. इतक्या सकाळी.

आण्णासाहेब धडपडत उठले. कप सांडला. ते अनवाणी अंगणात धावले.

"काकी! कोण मेलं?"

दगडाबाई थांबल्या. दम खाल्ला. मग बोळक्या तोंडानं हसायला लागल्या, हसता हसता डोळ्याला पदर लावला.

"कुनी न्हाय मेलं रं, येड्या! उदबत्त्या लावायच्या हायत. माझं उदबत्तीचं घर तुझ्या पिस्तुलात जाऊन बसलंय. नवरात्रभर केळात खोवल्या, तर काल केळ पोरानं खाल्लं."

त्या सरळ आत देवघराकडं गेल्या, आण्णासाहेब मागं मागं. कनवटीची काडेपेटी काढून त्यांनी दोन उदबत्त्या पेटवल्या. तांब्यातल्या पिस्तुलाची नळी वर तोंड करून उभी होती. दगडाबाईंनी वाकून पाहिलं.

"हिला तर येकच भोक हाय."

मग त्यांनी दोन्ही उदबत्त्या त्याच भोकात खोवल्या, हात जोडले आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाल्या, "कस्तुरा, च्या ठेव गं. साखर बेतानं घाल, आता रोजच यायचं हाय मला."